परसात तीन जुनी बांधकामं, घर भाड्याने दिलेलं: डागडुजी करू की पाडून टाकू?

परसदार
नमस्कार मंडळी. बाबांच्या मागे घर माझ्याकडे आलं. मी तिथे राहत नाही. गेली सहा वर्षं एकच कुटुंब भाड्याने राहतंय. माणसं चांगली, भाडं वेळेवर. घराची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती घरामागच्या तीन वास्तूंची. वास्तू म्हणणं जरा जास्तच होतंय, पण असो.

पहिली, जुनी खोली. घराइतकीच जुनी. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी वासे आणि कौलं. मागची भिंत बाहेर झुकलीय, नुसत्या डोळ्यांना कळतं. आत अडगळ.

दुसरं, कोठार. विटांचं, वर सिमेंटचा स्लॅब. हे बाबांनी मागाहून बांधलं. तिघांत हेच दिसायला धड आहे. आतून छताचे पोपडे पडतात एवढंच. भाडेकरूंचं सामान यात असतं.

तिसरी, घराच्या मागच्या भिंतीला टेकवून काढलेली शेड. वर सिमेंटचे नागमोडी पत्रे. खाली त्यांची गाडी आणि कपडे धुण्याचं मशीन. दोन ठिकाणी गळते.

दादा म्हणतो सगळं पाड, कटकट मिटेल. आई म्हणते उभं आहे ते कशाला पाडायचं. एक ठेकेदार फाटकात उभं राहूनच "तिन्ही पाडा" म्हणाला. दुसरा म्हणाला, वॉटरप्रूफिंग मारतो, रंग देतो, दहा वर्षं बघायला नको. दोघांपैकी एकानेही छपराखाली डोकं घातलं नाही. माझा कल असा: जुनी खोली पाडायची, कोठार ठेवायचं, शेडचे फुटके दोन पत्रे बदलायचे. बरोबर आहे का?

निनाद_सात
पाडा. सरळ पाडा. आमच्याकडे अशीच एक मागची खोली होती. आठ वर्षांत तीनदा दुरुस्ती केली. आधी छप्पर, मग दार-खिडकी, मग ओल. चौथ्यांदा बोलावलं तेव्हा गवंडीच म्हणाला, साहेब, आता पुरे. पहिल्याच वर्षी पाडली असती तर झोप तरी लागली असती. भाड्याच्या घरात आपण राहत नाही, रोज लक्ष राहत नाही. जे रोज बघता येत नाही ते ठेवू नये.

ओळंबा
परसदार ताई, 'तिन्ही' हा शब्द आधी डोक्यातून काढा. एका आवारात आहेत म्हणून एक निर्णय लागू होत नाही. तुमचं वर्णन वाचून मला उलटंच वाटतंय. झुकलेल्या भिंतीची तुम्हाला भीती वाटतेय आणि पोपडे तुम्ही "एवढंच" म्हणून सोडून दिलेत. मला पोपड्यांची भीती जास्त वाटते.

अंदाज बांधण्याआधी मापं घ्या. एका दुपारचं काम आहे.

भिंतीच्या वरच्या टोकाला बाहेरून एक खिळा, त्याला दोरी, खाली वजन. वजन स्थिर झालं की दोरी आणि भिंत यांतलं अंतर वर किती आणि खाली किती ते मोजा. भिंतीची जाडी दरवाज्याच्या चौकटीपाशी मोजता येईल. भार भिंतीच्या जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागातून खाली उतरत असेल तर ती उभी राहते, त्याबाहेर गेला की एका अंगाने उचलायला लागते. म्हणून पातळ भिंत थोडी झुकली तरी धोका, आणि जाड भिंत तेवढंच झुकून वर्षानुवर्षं उभी.

भेगा असतील तर दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घाला. रुंद भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने दोन्ही बाजूंना चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते. केसासारखी भेग रंगात जिरते. ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की इंजिनिअर बोलवायचा, आणि १५ च्या पुढे असेल तर आधी माणसं बाहेर, मग इंजिनिअर.

कोठाराचा स्लॅब खालून हातोडीने हलकेच ठोकून बघा. डोक्यावर हेल्मेट, आणि ठोकताय त्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही. 'ठण' वाजलं तर काँक्रीट भरीव. 'भद्द' वाजलं तर आतून सुटलंय. पोपडा पडलाय तिथे गंजकी सळई दिसते का? आणि पोपडा गिलाव्याचा आहे की काँक्रीटचा? खडी दिसत असेल तर काँक्रीटचा.

शेवटचं: तिन्हीच्या बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढलीय का ते बघा. वर्षानुवर्षं माती, राडारोडा, बागेचा कचरा टाकून ती चढते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

धूळपाटी
थांबा थांबा. मापं घ्या, पण शेडच्या पत्र्यांना हात लावू नका.

सिमेंटचे जुने नागमोडी पत्रे म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉस सिमेंट. हाटशेक नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९०१ मध्ये या मालाचं पेटंट घेतलं आणि पुढे अख्ख्या जगाने छपरं त्याने झाकली. पत्र्यात साधारण दहा ते पंधरा टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, बाकी सिमेंट. ब्रिटनने १९९९ मध्ये वापर बंद केला, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. सगळीकडे बंदी नाही, त्यामुळे पत्रा कुठे आणि कधी आला त्यावर ठरतं. बिनॲस्बेस्टॉसचे पत्रेही दिसायला डिट्टो तसेच असतात. नक्की काय ते प्रयोगशाळेत तुकडा तपासूनच कळतं.

पत्रा अख्खा आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. तो कापला, ड्रिल केला, तारेच्या ब्रशने घासला किंवा जोरदार फवाऱ्याने धुतला की ते हवेत येतात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांनी कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं जातात, म्हणून आज कोणाला काही होत नाही याला अर्थ नाही. शेवाळ खरवडून रंग देणारा तुमचा दुसरा ठेकेदार नेमकं हेच करणार होता.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची. या पत्र्यावर पाय ठेवायचा नसतो. जुना झाला की ठिसूळ होतो आणि माणूस थेट खाली येतो. गळती बघायला भाडेकरू वर चढले तर? आजच फोन करून सांगा.

परसदार
बापरे. फोन केला. ते गेल्या वर्षी दोनदा चढले होते म्हणे, एकदा पोराचा चेंडू काढायला.

चौथा_मजला
मी जन्मभर भाडेकरू, म्हणून त्या बाजूने लिहितो. सगळे भिंती मोजताहेत. माणसांचं कोणी विचारलंच नाही. त्या शेडमध्ये एका कुटुंबाची गाडी आणि मशीन आहे, कोठारात सामान आहे. सहा वर्षं ते ज्याचं भाडं भरताहेत त्यात हे धरलेलं आहे की नाही?

माझ्या एका घरमालकांनी मी गावाला गेलो असताना शेड उतरवली. आलो तर गाडी उघड्यावर, वर राडारोड्याची धूळ. "धोकादायक होती हो, तुमच्याच भल्यासाठी." असेलही. पण विचारायला काय झालं होतं? भाडं तेवढंच राहिलं, सोय गेली. पाचव्या महिन्यात मी घर सोडलं. त्यानंतर ते घर बरेच दिवस रिकामं होतं, जाता-येता दिसायचं. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

ताई, भाडेकरूंना विचारा की तीनपैकी काय खरंच लागतं. "दुरुस्त करू की पाडू" असं विचारलंत तर "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच ऐकायला मिळेल. "पावसात गाडी कुठे लावाल?" असं विचारा.

कागदी_घोडा
चौथा_मजला +१. आणि भाडेकरारात नक्की काय शब्द आहेत ते इथे टाका.

परसदार
"घर व सभोवतालचे आवार" एवढंच लिहिलंय. बाबांचा जुना मसुदा तसाच पुढे चालवला.

कागदी_घोडा
म्हणजे तिन्ही बांधकामं आत आहेत असंच कोणीही वाचेल. शिवाय सहा वर्षं उघड वापर आहे. नंतर "ते कोठार आम्ही कधी दिलंच नव्हतं" म्हणालात तर टिकायचं नाही. दुसरी बाजूही ध्यानात घ्या: आत आहे तर त्याची जबाबदारीही तुमच्याकडे. छताचा तुकडा डोक्यात पडला तर "कोठार जुनं होतं, त्यांना माहीत होतं" हे उत्तर होत नाही. करार नव्याने कराल तेव्हा कोणतं बांधकाम दिलंय, कोणतं बंद आहे, कोणाची देखभाल कोण करणार हे एकेक ओळीत लिहा. बंद आहे ते खरंच कुलूपबंद करा.

पाडण्याआधी दोन कागद बघा. एक, मंजूर नकाशात ही बांधकामं आहेत का. नियम जागोजाग वेगळे असतात, पण हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे बहुतेक ठिकाणी काळानुसार वाढत गेलंय. जुनं बांधकाम जुन्या नियमाने उभं असतं. एकदा पाडलं की त्याच जागी नवं बांधायला आजचा नियम लागतो, आणि बरेचदा बांधताच येत नाही. आई म्हणतात त्यात तथ्य आहे. पाडायलाही काही ठिकाणी परवानगी लागते. दोन, विमा. पॉलिसीत मागची बांधकामं धरली आहेत का, आणि मोडकळीला आलेलं बांधकाम तशा अवस्थेत कळवलेलं आहे का.

हिशोबाचंही सांगतो. एकरकमी आकड्याला भुलू नका. खर्च भाड्याच्या महिन्यांत मोजा: ही दुरुस्ती म्हणजे किती महिन्यांचं भाडं? ती किती वर्षं पुरेल? आणि हे बांधकाम नसेल तर भाडं किती कमी येईल? कोणी त्यासाठी छदामही जास्त देत नसेल तर स्वस्तातली दुरुस्तीही महाग. पुढचा भाडेकरू केवळ गाडीला छप्पर आहे म्हणून घर घेणार असेल तर हिशोब फिरतो. करातही फरक पडू शकतो. डागडुजी हा चालू खर्च धरला जातो, नवं बांधकाम भांडवली. तुमच्या भागाचं तुमच्या सी.ए.ला विचारा.

हौशी_गच्ची
जुनी खोली नीट करून वेगळी भाड्याने द्या की! कौलारू, जाड भिंती, लोक वेडे होतात अशा जागेसाठी. खर्च निघून वर कमाई.

ओळंबा
अडगळीची खोली आणि माणसाने झोपायची खोली यांत फार अंतर आहे हो. उजेड, वारा, छताची उंची, संडास-न्हाणी, बाहेर पडायची वाट, वीज, प्रत्येकाचा वेगळा नियम. शिवाय एका भाडेकरूच्या अंगणात दुसरा भाडेकरू. आधी ती उभी राहते का बघू.

सुतारपक्षी
जुन्या खोलीचा आतून, छपराचा फोटो टाका. भिंतीचा नको, भिंत सगळे बघताहेत. वासे भिंतीवर टेकतात ती जागा, आणि वासे जिथे एकमेकांना भेटतात ते आढं.

वर जाल तेव्हा बरोबर टोचा किंवा जुना स्क्रू-ड्रायव्हर न्या. लाकूड कुजतं ते मध्ये नाही, भिंतीत घुसलेल्या टोकाशी कुजतं. तिथे हवा नसते आणि भिंतीची ओल असते. लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशी धरते. टोचा दाबा. टोकच तेवढं रुतलं तर लाकूड जिवंत. बोटभर आत गेलं तर टोक बदलायचं. मुठीपर्यंत गेलं तर वासा बदलायचा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर मधला इंचभर भाग मोडा आणि चार दिवसांनी या. नळी पुन्हा सांधलेली दिसली तर वाळवी घरात आहे. तशीच मोडकी असेल तर बहुधा गेलेली, तरी आसपास शोधा.

परसदार
शनिवारी जाऊन आले. दादाही आला होता, आधी तोंड वाकडं करून, मग दोरी त्यानेच धरली. मापं देते.

जुन्या खोलीची भिंत ४५ सेंटीमीटर जाड. उंची २.४ मीटर. वरून खालपर्यंत मिळून ४ सेंटीमीटर बाहेर. भेग एकच, कोपऱ्यात, वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेली, सगळ्यात रुंद जागी ६ मिलिमीटर. बाहेरची माती जोत्याच्या वीतभर वर. कौलांना पन्हळ नाहीच, पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडतात, तिथे चर पडलाय.

वासे: अकरांपैकी आठ ठीक, दोघांत टोचा बोटभर गेला, एकात मुठीपर्यंत. दादा म्हणाला "लोणी". वाळवी नाही.

कोठार: अर्ध्याहून जास्त स्लॅब भद्द वाजतो. पोपड्यांत खडी आहे. तीन ठिकाणी सळई दिसते, एक नखाने सोलली तर पापुद्रे निघाले.

फोटो जोडलेत.

सुतारपक्षी
ताई, दुसऱ्या फोटोत समोरासमोरच्या भिंतींना जोडणारी आडवी तुळई आहे. तिसऱ्या फोटोत तशीच दुसरी असायला हवी. दोन्ही भिंतींत तिची टोकं दिसताहेत, मधला भाग कुठे आहे?

परसदार
अग्गोबाई. आईला विचारलं. उंच लोखंडी कपाट आत बसेना म्हणून कोणीतरी ती तुळई करवतीने कापून काढली होती. मी शाळेत असेन तेव्हा. कपाट अजून तिथेच आहे!

सुतारपक्षी
मग झुकलेल्या भिंतीची चौकशी संपली. उताराचं छप्पर नुसतं खाली दाबत नाही, ते वाशांच्या पायांतून भिंतींना बाहेरही ढकलतं. आडवी तुळई ते पाय बांधून ठेवते. ती कापली की वासे हळूहळू फाकतात आणि कमजोर भिंतीला बाहेर लोटतात. भेग वर रुंद, खाली बारीक आहे ती त्यामुळेच. पाया खचला असता तर भेग बहुधा वेगळी दिसली असती.

कपाट बाहेर काढा आणि तुळईच्या जागी लोखंडी ताण-सळई घाला, भिंतीबाहेर दोन्हीकडे जाड प्लेट आणि नट. आवळून भिंत सरळ करायच्या फंदात पडू नका, मातीची भिंत तशी मागे येत नाही, फुटते. आहे तिथे थांबवायची.

ओळंबा
सहमत, आणि आकडेही तेच सांगतात. वर ४ सेंटीमीटर बाहेर म्हणजे भिंतीचं स्वतःचं वजन मधोमधपासून जेमतेम २ सेंटीमीटर सरकलंय. ४५ च्या भिंतीला मधोमधपासून साडेसात सेंटीमीटरची मुभा असते. छपराचा रेटा थांबला तर पुष्कळ वाव आहे. तरी सळई घालण्याआधी जागेवर इंजिनिअर आणून दाखवा. मी फोटोवरून बोलतोय.

त्याबरोबर पायाची माती जोत्याखाली उतरवा, जमिनीला भिंतीपासून दूर दर मीटरला दोन-तीन सेंटीमीटर उतार द्या, कौलांना पन्हळ बसवा. दरजा भरायच्या तर चुन्याने. मातीच्या भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, भिंत आतून भिजत राहते.

कोठाराचं मात्र वाईट वाटतं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण ते अल्कधर्मी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की तो गुण जातो, आणि पाणी मिळालं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटी-तिपटीहून जास्त जागा घेतो, तो काँक्रीटला आतून फोडतो. तुमचे पोपडे हे त्याचं शेवटचं टोक.

निनाद_सात
म्हणजे मी पहिल्याच दिवशी म्हणालो तेच, पाडा!

ओळंबा
तुम्ही तिन्ही पाडा म्हणाला होतात, निनादराव. :)

निनाद_सात
एक तरी बरोबर आलं ना. पण गंभीरपणे विचारतो, स्लॅब दुरुस्तही होतो ना? खालून जाळी मारून, केमिकल लावून लोक करतात.

ओळंबा
होतो, नीट केला तर. सुटलेलं सगळं काँक्रीट फोडायचं, सळईच्या मागेपर्यंत मोकळं करायचं, गंज पांढऱ्या लोखंडापर्यंत साफ करायचा, सळई बारीक झाली असेल तिथे जोड द्यायची, मग दुरुस्तीचं मॉर्टर थरांनी. घराचा स्लॅब असता तर मी हेच सांगितलं असतं. पण अर्ध्याहून जास्त भद्द वाजतो म्हणजे अर्धा स्लॅब खालून उकरायचा, तोही टेकू लावून, आणि वरून पाणी जिरतंय ते वेगळं. एवढं सगळं अडगळीच्या कोठारासाठी? नुसता गिलावा चोपडून रंग मारला तर वर्षभर छान दिसेल आणि मग मोठा तुकडा पडेल, कारण आता तो दिसणारही नाही. तोवर भाडेकरूंचं सामान बाहेर काढून कुलूप लावा. हे मात्र पुढच्या आठवड्यात नको, उद्या.

वाचनमात्र
कपाटासाठी तुळई कापली हे वाचून मी आत्ता उठून आमची माळ्याची खोली बघून आलो. तुळई आहे. हुश्श.

धूळपाटी
शेडचं ठरलं का? पत्रे सगळेच काढा, दोन बदलण्यात अर्थ नाही. शिकलेल्या माणसांकडून, ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे. वरून हातोडा नाही. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, जिथे घेतात तिथेच द्यायचे. खड्डा भरायला, रस्त्याखाली टाकायला कोणी मागेल, देऊ नका. जमिनीत आधीपासून पडलेले तुकडेही वेचून घ्यायला सांगा. आणि मशीनची वीज कशी नेलीय ते बघा. उघड्या शेडमध्ये ओल्या हातांनी मशीन म्हणजे ३० मिलिअँपियरचा अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की आपोआप बंद करणारा) हवाच.

चौथा_मजला
आणि भाडेकरू काय म्हणाले ते सांगितलंच नाहीत.

परसदार
विचारलं, तुम्ही सांगितलेल्याच शब्दांत. वहिनी म्हणाल्या, कोठार गेलं तरी चालेल, त्यात निम्मं आमचं आणि निम्मं तुमच्या बाबांचंच सामान आहे. पण शेड नको काढू, दोन्ही पोरांचे डबे, दप्तरं, गाडी, सगळं पावसात तिथेच होतं. आणि मी काय धरून बसले होते? कोठार ठेवायचं!

ओळंबा
शेड उतरवण्याआधी घराची ती भिंत बघा. टेकवलेल्या शेडच्या मागे भिंतीला बरेचदा गिलावाच केलेला नसतो, तिथे कधी पाऊस लागणार नव्हता म्हणून. शेड गेली की तीच भिंत उघडी. शिवाय घरातल्या लाइनी कोठारातून किंवा शेडखालून गेल्यात का तेही तपासा. पाडणारा माणूस नळ कुठे आहे ते विचारत नाही, फुटल्यावर सांगतो.

परसदार (सात महिन्यांनी)
धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत संदेश करून विचारलं.

कोठार गेलं. ओळंबा काका, तुम्ही म्हणालात तेच: घराची पाण्याची मुख्य लाइन कोठाराच्या भिंतीतून गेलेली निघाली. आधी ती वळवली, मग वीज तोडली, मग आतून टेकू लावून स्लॅब वरून तुकड्या-तुकड्याने काढला. सळया बाहेर आल्या तेव्हा काही पेन्सिलीएवढ्या उरल्या होत्या. बाबा सगळ्यांना अभिमानाने ते कोठार दाखवायचे. मी एक वीट ठेवून घेतलीय, का ते विचारू नका. फरशी तशीच ठेवली, तिच्यावर आता कपडे वाळत घालतात. फक्त तिचा उतार घराकडे होता, तो उलटा करून घ्यावा लागला.

शेडचे पत्रे उतरवायला शिकलेली माणसं आणली. त्या दिवशी भाडेकरूंना आम्ही बाहेर ठेवलं, खर्च आमचा. मागची भिंत खरंच बिनगिलाव्याची निघाली, वाशांची भोकं तशीच. भोकं बुजवून गिलावा केला. नवी शेड स्वतःच्या चार लोखंडी खांबांवर उभी केली, जस्ताच्या पत्र्याची. भिंतीला वजन नाही, फक्त सांध्यावर पत्र्याची झालर. मशीनला वेगळा ब्रेकर.

जुनी खोली उभी आहे. एक वासा बदलला, दोघांची टोकं जोडली, ताण-सळई घातली, माती उतरवली, पन्हळ बसवली. कपाट बाहेर काढताना दारातून जाईना. ज्याने तुळई कापली त्याने ते आत नेलं तरी कसं, हे कोडं घरात कोणालाच सुटलेलं नाही. शेवटी कापूनच काढलं.

हिशोब कागदी_घोडा म्हणाले तसा महिन्यांत केला. खोलीला साधारण पाच महिन्यांचं भाडं गेलं, कोठार पाडायला दोन, शेडला साडेसहा. शेड सगळ्यात महाग पडली, पण ज्याचं भाडं येतंय ते तेच आहे. करारात आता तीन वेगळ्या ओळी आहेत. जुन्या खोलीला अजून कुलूप, ती भाड्यात धरलेली नाही.

निनाद_सात
मानलं. पण खोली ठेवून काय करणार?

परसदार
अजून ठरवलं नाही. कागदपत्रं बघितली तर तिथे आता नवं काही बांधताच येणार नाही, हद्दीला फार जवळ आहे. म्हणून घाई नाही.

सुतारपक्षी
काचेची पट्टी लावली होतीत ना कोपऱ्यात? तिचं काय झालं?

परसदार
पहिली सळई घालण्याआधीच, दुसऱ्या महिन्यात तडकली. मग दुसरी लावली. मोठा पाऊस होऊन गेल्यावर परवा बघितली, अखंड आहे. वरची पेन्सिलीची तारीख मात्र पुसट झालीय, पुढच्या खेपेला पेनाने लिहिते.